ब्रेकची नळी आणि मास्तरांचा पाय

इंदूरहून खांडव्याकडे निघाले की सिमरोलपुढे भेरूघाट लागतो. लहानपणापासून या घाटाने मी किती वेळा गेलो असेन याची गणतीच नाही. उतार सुरू झाला की गाडीतील गप्पा आपोआप मंदावतात, एखादी आजी डोळे मिटते, आणि सगळ्यांचा जीव चालकाच्या उजव्या पायाशी येऊन थांबतो. त्या पायापासून चाकापर्यंत काय काय असते, याचा विचार मात्र आपल्यापैकी कोणीच करीत नाही. मीही पंचावन्न वर्षे केला नव्हता. तो करण्याचा योग यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत आला, आणि तोही घरापासून हजारो मैलांवर, अमेरिकेतील मिशिगन राज्यात, माझ्या धाकट्या बंधूच्या गॅरेजमध्ये.

बंधू तेथे मोटारींच्या धंद्यातच आहे. पण त्याचे काम संगणकापुढे बसून आराखडे तपासण्याचे. हाताला तेल लागत नाही ही त्याची जुनी खंत. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने १९६४ सालचा एक फोर्ड एफ-१०० जातीचा छोटा ट्रक घेतला. तिकडे अशा ट्रकला 'पिकअप' म्हणतात. पुढे दोघा-तिघांना बसण्यापुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. ट्रक घेतला त्याने. पण त्यात जीव गुंतला तो सतरा वर्षांच्या पुतण्याचा. मुलगा अबोल. बापलेकांत एरवी 'जेवलास का' आणि 'गृहपाठ झाला का' यापलीकडे संवाद नव्हता, असे भावजय म्हणाली. गॅरेजमध्ये मात्र दोघे तासन्‌तास एकमेकांशी बोलत. पाना दे, दिवा धर, इथे दाब, तिथे सोड, एवढेच. पण तेही बोलणेच की!

या ट्रकचा मूळचा पुढला भाग अगदी साधा होता. आडवी, अखंड, जाड लोखंडी तुळई, तिच्या दोन टोकांना दोन चाके आणि वर कमानपाटे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. ही मांडणी दणकट खरी. पण मऊ नव्हे. तिकडच्या हौशी मंडळींनी यावर एक तोड काढली आहे. फोर्डची 'क्राउन व्हिक्टोरिया' नावाची मोठी मोटार २०११ पर्यंत निघत असे. पोलिसांत आणि टॅक्सीत ती सर्रास दिसे. २००३ पासूनच्या या मोटारींत पुढली सगळी यंत्रणा, म्हणजे स्प्रिंगा, चाकांचे हात, सुकाणूचा दांडा, अॅल्युमिनियमच्या एका भक्कम आडव्या सांगाड्यावर बसविलेली असते आणि नटबोल्ट सोडले की एकसंध उतरते. भंगारबाजारातून ती आणायची, जुन्या ट्रकची चासी कापून-जोडून तिच्या मापाची करायची आणि खाली बसवायची. मग प्रत्येक चाक आपापला खड्डा आपण सोसते. शेजारच्याला त्रास देत नाही.

मी पोहोचलो तेव्हा हे सारे झाले होते. काळ्या रंगाने चकचकीत केलेली चासी, नवी चाके, सगळे कसे लग्नघरासारखे. राहिल्या होत्या फक्त ब्रेकच्या नळ्या. "आता काय, दादा, दोन दिवसांचं काम," बंधू म्हणाला. "तू जायच्या आदल्या दिवशी रविवारी याच ट्रकमधून तुला तळ्यापर्यंत फिरवून आणतो." पुतण्याने मान हलविली. माझे परतीचे विमान सोमवारचे होते. त्या दोन दिवसांच्या कामाला दोन आठवडे लागले, आणि ते मी एका उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून पाहिले.

वाचकहो, विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की पास्कलचा नियम शिकविण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. हे ज्याने मांडले त्या ब्लेझ पास्कलचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो नियम फळ्यावर लिहिला, मुलांनी तो पाठ केला, दोन गुण मिळविले आणि विषय संपला. गॅरेजमध्ये तोच नियम पेन्सिलीपेक्षाही बारीक नळीतून धावताना दिसला. पायाने पेडल दाबले की तरफेने तो जोर कित्येक पटींनी वाढतो, एका दट्ट्याला ढकलतो, आणि दट्ट्यापुढचे ब्रेक ऑइल चारी चाकांशी जाऊन तेथले दट्टे ढकलते. जोरात ब्रेक मारला की नळीतील दाब चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जातो. चाकातील हवेचा दाब असतो तीस-पस्तीस पौंड! हा सारा भार वाहणारी नळी बाहेरून मोजली तर एका इंचाचे तीन-षोडशांश. पाच मिलिमीटरसुद्धा नाही.

पेडलापाशी जो दट्ट्या असतो त्या भागाला 'मास्टर सिलिंडर' म्हणतात, हे कळल्यावर मी बादलीवर जरा सावरून बसलो. जुन्या ट्रकच्या या मास्टरला एकच कप्पा होता. म्हणजे चार चाकांपैकी कोठेही एक नळी फुटली की सगळे ऑइल तेथून जाणार आणि चारी चाकांचे ब्रेक एकदम नाहीसे होणार. या ट्रकांना दोन कप्प्यांचा मास्टर १९६७ पासून मिळाला. पुढच्या चाकांचा एक, मागच्यांचा एक, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा उभा राहतो. बंधूने अर्थातच दोन कप्प्यांचा बसविला होता. शिवाय पुढे आता ड्रमऐवजी चकतीचे ब्रेक आले होते आणि त्यांना ऑइल जास्त लागते. ड्रमसाठी केलेल्या जुन्या मास्टरमध्ये ऑइलचा थोडा दाब सतत धरून ठेवणारी झडप असते. ती चकतीच्या ब्रेकला लागली तर ब्रेक सुटतच नाहीत, घासत राहतात, तापतात. जुन्या घरात नवी सून आली की स्वयंपाकघरातील मांडणीही बदलावी लागते, तसेच हे.

पुतण्याने नळ्या घेतल्या होत्या त्या तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या. त्या गंजत नाहीत आणि हाताने वाकतात. "मग नुसत्या तांब्याच्याच का नाही घेतल्या?" मी विचारले. "मोठेकाका, नुसतं तांबं हादरे सोसत नाही. हळूहळू कडक होतं आणि तडकतं," तो म्हणाला. आमच्यातील हा पहिला मोठा संवाद.

खरी कसोटी नळीच्या टोकाची. नळी कापायची ती काटकोनात. कापल्यावर आतबाहेरची कोर घासून गुळगुळीत करायची. मग टोक साच्यात धरून आधी फुगवायचे आणि मग तेच फुगलेले तोंड आत दुमडायचे, म्हणजे तेथे धातूचा दुहेरी पदर तयार होतो. आपल्याकडे धोतराचा काठ शिवताना दुमड घालतात ना, तसे. ही दुमड आणि समोरचा शंकूसारखा भाग एकमेकांवर घट्ट बसले की ऑइल अडते. तेथे रबर नाही, डिंक नाही, दोरा नाही, धातूवर धातू. आणि हे सगळे करण्यापूर्वी नळीत नट सरकवून ठेवायला विसरायचे नाही, कारण तोंड फुलल्यावर तो आत जात नाही. पहिल्याच नळीला पुतण्या नेमका तेच विसरला. तोंड सुरेख फुलले होते. पण नट टेबलावरच! पडदा वर गेला आणि नट रंगपटातच राहिला, असे मी म्हणालो. बंधू खो खो हसला. मुलाला मात्र 'नट'चा मराठी अर्थ समजावून सांगावा लागला.

नटांचाही एक सापळा आहे. जुन्या ट्रकच्या नळीचा नट ३/८ इंचाचा, इंचाला २४ आटे. नव्या गाड्यांत पुष्कळदा १० मिलिमीटरचा, एका मिलिमीटरला एक आटा. दोन्ही नजरेला जुळे भाऊ. इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात जरासा सैल, पण फिरत फिरत आत जातो आणि बसल्याचा भास होतो. दाब आला की आटे सोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून मुलाने प्रत्येक नट आटे मोजण्याच्या पट्टीला लावून पाहिला. मग नळीची वाट. धुराच्या नळकांड्यापासून दूर, हलत्या भागापासून दूर, दर हातभर अंतरावर चिमट्याने चासीला बांधलेली. चासी संपून चाक सुरू होते तेथे धातूची नळी चालत नाही, कारण चाक वर-खाली होते आणि वळते. तेथे रबरी नळी हवी. ती फार लांब झाली तर चाकाला घासते, आखूड झाली तर ताणली जाते. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, जॅकवर लोंबते आणि खाली दबलेले, अशा चारी अवस्थांत मुलाने ती निजून पाहिली. मुंजीतल्या बटूला कोणी इतके निरखून पाहिले नसेल.

आणि मुलाने केलेले प्रत्येक टोक बंधू तपासत होता. भिंग लावून! "हे एका बाजूला जाड झालंय. कापून टाक. पुन्हा कर." मुलगा काही न बोलता कापी, पुन्हा करी. एकंदर सोळा टोके. त्यांतील चौदा मुलाने केली. दोन बंधूने, मुलाची परीक्षा होती त्या संध्याकाळी.

शनिवारी रात्री हवा काढायचे ठरले. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर बुडबुड्यातच जिरतो. ती काढायची तर एकाने पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी नट किंचित सैल करून हवामिश्रित ऑइल बाटलीत सोडायचे. नट आवळल्याशिवाय पेडल सोडायचे नाही. मास्टरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात. पेडलावर बसण्याचा मान माझा होता. "दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं." तासभर ही संध्या चालली. बाटलीतले बुडबुडे थांबले. पेडल दगडासारखे लागू लागले.

"मोठेकाका, आता जोरात दाबून धरा. एक मिनिट. खाली जातंय का?"

मी दाबून धरले. पहिली काही सेकंदे दगड. मग... काहीतरी. पेडल खाली गेले असे म्हणवेना, गेले नाही असेही म्हणवेना. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे, झोपेत मान कलावी तसे हळूहळू. बंधूने विजेरी घेऊन खाली पाहिले, फरशी कोरडी. मनात आले, माझाच पाय थकला असेल. मला यातले काय कळते? दोघेही दमले आहेत, उद्या रविवार आहे, मुलाचा चेहरा पाहा.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

रात्री झोप आली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवत राहिली. तेव्हा मी एका खेड्यातील शाळेचा प्रभारी होतो. पावसाळ्याआधी इमारतीचा अहवाल पाठवायचा असे. तिसरीच्या वर्गाच्या छतात एक भेग मी पाहिली होती. पण ती भेग आहे की रंगाची पोपडी, याची खात्री नव्हती. लिहिले तर चौकशी, पत्रव्यवहार, वर्ग बसवायला दुसरी जागा नाही. मी 'सुस्थितीत' असे लिहून सही केली. श्रावणातल्या एका रविवारी त्या छताचा गिलावा दुसऱ्या बाकावर कोसळला. रविवार होता, म्हणून आज हे सदर लिहितो आहे. ही गोष्ट मी आजवर घरातही सांगितलेली नव्हती. वर्गात मात्र तीस वर्षे मुलांना बजावीत आलो, "समजलं नसेल तर 'समजलं' म्हणू नका." न समजता मान हलविणाऱ्या मुलाला शिक्षा करणारा मी, आणि माझ्या पायाला जे समजले होते ते मी तोंडाने नाकारले होते. त्या ट्रकमध्ये रविवारी मी एकदाच बसणार होतो. मुलगा वर्षानुवर्षे बसणार होता.

सकाळी चहाच्या आधी मी पुतण्याला गॅरेजमध्ये गाठले. "बाळ, काल मी खोटं बोललो. पेडल किंचित खाली जात होतं."

त्याने माझ्याकडे पाहिले, रागाने नाही. "किती?" एवढेच विचारले. मी बोटाचे पेर दाखविले. बंधू मागून आला, त्याला मात्र पटले नाही. "अरे दादा, तुझा पाय हलला असेल. फरशी कोरडी होती की!" एक खरे, की तो वैतागला होता, आणि दुसरेही खरे, की मी त्याच क्षणी पुन्हा 'असेल बुवा' म्हणण्याच्या बेतात होतो. पण मुलगा तोपर्यंत ट्रकखाली शिरला होता.

पाच मिनिटांनी त्याने हाक मारली. ऑइल फरशीवर सांडलेच नव्हते. दाब वाटणाऱ्या झडपेच्या खालच्या सांध्यातून ते पाझरून चासीच्या खोबणीत साठले होते. ते सापडले कशावरून? रंगावरून. ब्रेक ऑइल रंगाला खाते. चासीचा तो चकचकीत काळा रंग रातोरात तळहाताएवढ्या जागेत सुरकुतला होता, दुधावरच्या सायीसारखा.

बंधू वाकला. "थांब, थोडा आणखी आवळतो."

"नाही बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना, आवळून वाकडं सरळ होत नाही म्हणून."

सांधा सोडला, नळी बाहेर आली. दिव्याखाली धरली. दुमड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. नळी तिरकी कापली गेली होती. ते टोक मुलाने केलेल्या चौदांपैकी नव्हते. परीक्षेच्या संध्याकाळच्या दोहोंपैकी होते. मुलाचे प्रत्येक टोक भिंगाखाली गेले होते; वडिलांची दोन टोके कोणी पाहिलीच नव्हती. ती तपासणार कोण?

गॅरेजमध्ये कोणी काही बोलले नाही. वडिलांची चूक सापडली म्हणून मुलाच्या चेहऱ्यावर विजय नव्हता; ते पाहून मला त्याचा फार अभिमान वाटला. बंधूने ती नळी काही वेळ हातात फिरविली, मग कापायचे यंत्र उचलले आणि मुलापुढे धरले. "तू कर. दोन्ही कर." आणि जरा थांबून म्हणाला, "आणि मग मी तुझी बघतो, तू माझं उरलेलं काम बघ."

दोन्ही टोके नवी झाली. पुन्हा हवा काढणे आले. मी पुन्हा पेडलावर बसलो. एक मिनिट, दोन मिनिटे, पोटरीला गोळा येईपर्यंत दाबून धरले. मुलगा डोळ्याला डोळा लावून उभा. या वेळी मी घाई केली नाही. पाय काय सांगतो ते पूर्ण ऐकले, आणि मग म्हणालो, "नाही. जात नाही."

तळ्याकाठची सहल झालीच नाही; संध्याकाळ उलटून गेली होती. मुलाने ट्रक फक्त घरासमोरच्या रस्त्यावर काढला. मी शेजारी बसलो. माणसाच्या चालीने दहा पावले जायचे आणि थांबायचे, पुन्हा दहा पावले, पुन्हा थांबायचे. प्रत्येक वेळी तो ट्रक सुतासारखा सरळ थांबला. बंधू पायी बरोबर चालत होता, चाकांकडे वाकून पाहत. तीन-चारशे फुटांचा तो प्रवास. पण माझ्या आयुष्यात याहून निर्धास्त प्रवास मी केला नसेल.

सोमवारी मी निघालो. जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीपटाची महिनाअखेरची बेरीज आमच्याकडे मुख्याध्यापकच करतो, आणि मुख्याध्यापकाची बेरीज कोणी तपासत नाही. या वर्षी ती वही मी आमच्या सर्वांत तरुण शिक्षिकेपुढे ठेवली आणि म्हटले, "बाई, जरा बघून घ्या." त्या गोंधळल्या. "सर, तुमची कशी बघायची?" मी म्हणालो, "पेन्सिलीनं. चूक असेल तिथं खूण करा."

दुसऱ्या दिवशी वही परत आली. दोन खुणा होत्या.